जाणत्याचे मौन

अंबत्तूरला एका दिवंगत स्नेह्यांच्या पत्नीने त्यांची शिकारी रायफल विकावयास काढली, म्हणून आम्ही पाहावयास गेलो. परवाना होता. शिकार १९७२ च्या कायद्याने संपली. आम्हांस नेम धरावयाचा होता तो केवळ निशाणफलकावर. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली. आत गंजाचे खड्डे नव्हते, दस्ता अभंग, बोल्ट व नळी यांवरील क्रमांक एकच. आणि नळीवर लंडनच्या रिग्बीचे नाव! चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना भेट मिळाली, ती रायफल याच घराण्याची. वहिनींनी सांगितलेली किंमत मात्र इशापूरच्या साध्या रायफलीची होती.

मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत, हे ऱ्होडसच्या दुष्काळात प्रथम पोचलेल्या व्यापाऱ्याने सांगावे काय, असा प्रश्न सिसेरोने चर्चिला आहे. तेथे जाणता विकणारा होता, येथे घेणारा. ‘विचारले नाही, तर सांगण्याचे बंधन कसले?’ अशी वकिली आमच्या मनाने तत्काळ आरंभली. कचेरीत कोणी हीच सबब पुढे केली असती, तर आम्ही तीवर कडक शेरा मारला असता!

“वहिनी, हिचे मोल याहून फार मोठे आहे,” असे आम्ही म्हणालो खरे. पण कॉफीचा पेला रिकामा झाल्यावर. त्या मोलास ती आम्हांस परवडणारी नव्हती. रिकाम्या हातांनी परतलो, आणि वाटभर हळहळलो, हेही नमूद केले पाहिजे.