धुराचे पांघरूण

भाजीपाल्याला थंडी मारते ती निरभ्र, वारा पडलेल्या रात्री. ढग नसले की जमिनीची ऊब थेट आकाशात निघून जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास पाने सर्वांत गार होतात, अगदी भोवतालच्या हवेपेक्षाही. म्हणूनच मोबाइलवर ३-४ अंश दिसत असताना महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते. पेशी फाटलेले टोमॅटोचे पान उन्हे आल्यावर उकडल्यासारखे दिसते, बोटांत धरले तर ओलसर लिबलिबीत लागते. मिरची, वांगी, काकडीही अशाच हळव्या. कोबी, वाटाणा, पालक पुष्कळ सोसतात.

यावर बांधाबांधावर टायर पेटवण्याचा जो प्रकार या आठवड्यात पुन्हा दिसला, त्याचे समर्थन एकच: धूर पिकावर पांघरूण घालतो. तो घालत नाही. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांतून जवळजवळ अडथळ्याविना निघून जाते. उलट, सकाळी तोच धूर ऊन अडवतो. ऊब मिळते ती जाळाची, आणि तीही लहान लहान शेकोट्या ठिकठिकाणी असतील तरच. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी भोवतालची गार हवा पिकात ओढली जाते. टायरचा काळा धूर मात्र शेताच्या हद्दीत थांबत नाही. तो वस्तीवर उतरतो, झोपलेल्या लेकरांच्या छातीत जातो. ‘सगळेच जाळतात’ म्हटल्याने त्यातले विष कमी होत नाही.

खरी राखण साधी आहे. आदल्या दिवशी हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. वाफ्यावर काठ्यांच्या कमानी करून क्रॉप कव्हर किंवा जुनी साडी ताणावी, कडा जमिनीला टेकवून मातीने दाबाव्यात. झाडाच्या डोक्यावर नुसते फडके बांधून उपयोग नाही, कारण ऊब खालून येते. प्लॅस्टिक पानाला चिकटले तर नेमके तिथेच पान करपते.

एकरभर झाकणे सगळ्यांना परवडत नाही, हे खरेच. पण टायर पेटवून तेवढे पीक वाचतही नाही. निदान रोपवाटिका आणि परसातले वाफे तरी आज ऊन कलण्याआधी झाकून घ्यावेत, आणि सकाळी ऊन चढल्यावर उघडावेत.