सही कोणाची?

स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा माणसाला हक्क आहे का, हा प्रश्न तसा जुनाच. आपल्या मराठवाड्यात तो निघायला हवा होता शंकरपटाच्या निमित्ताने. बैलांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, २०२१च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळाली, आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. इतकी वर्षे चाललेल्या या वादात चर्चा झाली ती बैलाची, आणि ती योग्यच होती, कारण बैलाला 'नको' म्हणता येत नाही. छकड्यावर उभा राहून कासरा धरणाऱ्या माणसाच्या हातापायांचे काय, हे फारसे कोणी विचारले नाही. तो आपल्या मर्जीने उभा आहे, असे सर्वांनी गृहीत धरले. मला बोलायचे आहे ते या मर्जीबद्दल.

निमित्त मात्र बैलाचे नाही, मोटारीचे आहे. माझा एक जुना विद्यार्थी, आमच्या उर्दू शाळेतून दहावी झालेला, पुढे डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला लागला. कर्ज काढून त्याने गाडी घेतली. आता मित्रांबरोबर ती गाडी कोइमतूरच्या रेस ट्रॅकवर न्यायची आणि मनसोक्त पळवायची, असे त्याच्या मनात आहे. वाचकांपैकी अनेकांना हा प्रकार नवा असेल. आपल्या देशात मोटारशर्यतींसाठी बांधलेले थोडेसेच ट्रॅक आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे आहे, कोइमतूरला 'कारी' नावाचा आहे, आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. शर्यती नसतात तेव्हा असे ट्रॅक काही वेळा हौशी लोकांसाठी खुले करतात. फी भरायची, हेल्मेट घालायचे, एका कागदावर सही करायची आणि आपली रोजची गाडी ट्रॅकवर सोडायची. काही झाले तर जबाबदारी माझी, अशा अर्थाचा तो कागद असतो.

मुलाचे वडील मोंढ्यात कामाला आहेत. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही समजवा त्याला." समजावण्याआधी मी त्याचे ऐकून घेतले. (बी.एड.ला आम्हाला शिकवलेल्या गोष्टींपैकी ही एक खरोखर उपयोगाची निघाली.) त्याचे म्हणणे मला वाटले होते त्यापेक्षा भक्कम होते. तो म्हणाला, "सर, वेगाची हौस सगळ्यांना आहे. जालन्याला जाऊन समृद्धीवर गाडी काढतात आणि किती पळते ते बघतात. तिथे मर्यादा १२०ची आहे, पण काटा कुठे जातो ते तुम्हाला माहीत आहे. तिथे समोरच्या ट्रकवाल्याने माझ्या हौसेला होकार दिलेला नाही. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, गुरे नाहीत, पोरे नाहीत. मेलो तर मी मरेन."

यातला पहिला भाग मला मान्य आहे. रस्त्यावर वेगाची हौस भागवणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाची उधळपट्टी, आणि तिचे समर्थन कोणत्याही धर्मात किंवा नीतिशास्त्रात सापडणार नाही. ट्रॅकवर तरबेज झालेला माणूस रस्त्यावर सुरक्षित असतो, असेही नाही. अश्विन सुंदर हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला शर्यतपटू मार्च २०१७मध्ये गेला तो चेन्नईच्या रस्त्यावर, गाडी झाडावर आदळून पेटल्यामुळे. त्याची पत्नीही त्याच गाडीत होती. तेव्हा वेग हवाच असेल तर तो बंदिस्त जागी असावा, हा मुलाचा विचार बेजबाबदार नाही. बेजबाबदार मुले असा विचारच करत नाहीत.

आपल्या समाजात या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक, हे सगळे शैतानी शौक आहेत. दुसरे त्याच्या उलट टोकाचे: मरणाचा दिवस ठरलेला आहे, तो ट्रॅकवर यायचा असेल तर घरात बसूनही चुकणार नाही. दोन्ही उत्तरांत विचार करण्याचे कष्ट वाचतात. दुसरे उत्तर देणारी माणसे आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जातात, एवढेच त्याच्याबद्दल पुरे.

पहिल्या उत्तरासाठी मात्र मदिनेपर्यंत जावे लागेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. सही बुखारीत हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांच्या हवाल्याने ही हकीकत आली आहे, आणि ते स्वतः त्या शर्यतीत उतरले होते. तेव्हा वेगाचा आनंद मुळातच वर्ज्य आहे, असे म्हणायला जागा नाही. पण त्या हकीकतीतला एक तपशील मला जास्त मोलाचा वाटतो आणि आपल्या वाज-तकरिरींमध्ये तो क्वचितच ऐकू येतो. शर्यती दोन होत्या. जे घोडे खास तयार केले होते, म्हणजे आधी भरपूर चारून, मग चारा कमी करून, झुली घालून, घाम गाळून ज्यांचे अंग कसलेले केले होते, त्यांच्यासाठी हफयापासून सनियतुल-विदापर्यंतचे अंतर होते. ते पाच-सहा मैल भरते असे रावींनी सांगितले आहे. ज्या घोड्यांची अशी तयारी नव्हती, त्यांना सनियतुल-विदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत, सुमारे एक मैल पळवले. तयारी नसलेल्या घोड्याला शर्यतीतून काढले नाही, आणि त्याला तयार घोड्याच्या अंतरावर सोडलेही नाही.

आता शोरूममधून घेतलेली गाडी बघा. आपल्या भाषेत सांगायचे तर हा चारून ठेवलेला पण न कसलेला घोडा आहे. तिचे इंजिन जोरदार असते, आणि त्यामुळेच फसगत होते. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. ऊर्जेला आम्ही उर्दूत तवानाई म्हणतो, आणि गतिमान वस्तूची तवानाई वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र मुले पाठ करतात. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. ताशी ६० किलोमीटरने भिंतीवर आदळणे हे साधारण १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजल्यांवरून पडण्यासारखे आहे. १२०ला ती उंची ५७ मीटर होते, म्हणजे एकोणीस मजले. १६०ला शंभर मीटरच्या वर जाते. फळ्यावर हे गणित सोडवले की वर्ग क्षणभर शांत होतो, मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतो, "सर, २००ला किती?"

पण आदळणे दूरच राहो, नुसते थांबणेही सोपे नसते. बाराशे किलोची गाडी १२०च्या वेगावरून थांबवायची म्हणजे ती सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ती उष्णता सुमारे दोन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. चुलीवर ज्या कामाला दहा मिनिटे लागतात, ते ब्रेकला चार-पाच सेकंदांत करावे लागते. रस्त्यावर असा ब्रेक कधीतरी एकदा लागतो आणि नंतर गार व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर प्रत्येक मोठ्या वळणाआधी लागतो, आणि पुढचे वळण काही सेकंदांवर असते. ब्रेक ऑईल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट-थ्री प्रकारचे ताजे ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण ओलावा शिरलेल्या त्याच ऑईलसाठी तो दंडक १४० अंशांवर येतो. ऑईल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. मग पायाखालचा पॅडल भुसभुशीत जमिनीसारखा आत जातो आणि गाडी थांबत नाही. इंजिनात त्या वेळी काहीही बिघाड नसतो. शर्यतीच्या गाडीत ब्रेक वेगळे असतात, आत पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो, छाती आणि खांदे जखडणारे पट्टे असतात. आपल्या गाडीत मागच्या काचेपाशी टिश्यूचा डबा आणि आरशाला लटकवलेली आयतुल-कुर्सी असते.

एवढी तयारी असूनही मरण टळत नाही, हेही सांगितले पाहिजे. ८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत के. ई. कुमार हे ५९ वर्षांचे अनुभवी शर्यतपटू गेले. दुसऱ्या गाडीचा स्पर्श झाला, त्यांची गाडी ट्रॅकबाहेर जाऊन कुंपणावर आदळली आणि उलटी पडली. त्या दिवसाच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. शर्यतीसाठी बांधलेली गाडी आणि आयुष्यभराचा सराव त्यांच्याकडे होता. हौशी माणसाकडे यातले काय असते?

"मेलो तर मी मरेन" या वाक्याकडे आता वळू. ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन मार्शल उभे असतात, आणि त्यांच्यात बहुतेक हौसेने आलेले स्वयंसेवक असतात. २००१ साली मेलबर्नच्या शर्यतीत गाडीचे उडालेले चाक लागून असाच एक स्वयंसेवक मेला. फ्रान्समध्ये ल मां येथे ११ जून १९५५ रोजी एक गाडी उडून तिचे तुकडे गर्दीत शिरले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. ट्रॅकला भिंती आहेत म्हणून धोका भिंतीच्या आतच राहतो असे नाही. तरीही ही दूरची उदाहरणे झाली असे कोणी म्हणेल. मला जास्त खुपतो तो घरातला हिशेब.

गाडी कर्जाची आहे. कर्ज फिटेपर्यंत आरसीवर बँकेचे नाव असते. खासगी कारच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि आयोजित शर्यत व वेगचाचणी हे वापर त्यातून वगळलेले असतात. ही ओळ पॉलिसी घेताना कोणी वाचत नाही. म्हणजे ट्रॅकवर गाडी मोडली तर ती भरून मिळेल या भरवशावर राहता येत नाही, आणि हप्ते मात्र चालू राहतात. समजा काहीही मोडले नाही. पोरगा हसत परत आला. तीच गाडी, तेच तापून निघालेले ब्रेक, तेच झिजलेले टायर घेऊन तो ईदला परभणीला येतो आणि आईला बसवून दवाखान्यात नेतो. तिला काहीच माहीत नसते. रस्त्यावरच्या ट्रकवाल्याने होकार दिला नव्हता म्हणून तो ट्रॅकवर गेला. पण या बाईचा होकार कोणी घेतला? जीव आणि माल ही आपल्याकडे असलेली अमानत आहे असे आपण म्हणतो. इमाम गझालींनी शरीयतचे जे पाच हेतू सांगितले, त्यांत या दोन्हींचे रक्षण येते. अमानत म्हणजे कुलूप लावून ठेवलेली वस्तू असा अर्थ मी घेत नाही. अमानत वापरता येते. फक्त तिचा हिशेब एकट्याने ठरवता येत नाही.

यावर एक सरळ आक्षेप येईल. आपल्याच जिल्ह्यातले लोक विहिरी खोदायला खाली उतरतात, आपली पोरे आखातात उंच इमारतींच्या परातींवर चढतात, ट्रकवाले रात्र-रात्र जागून गाडी हाकतात. त्यांचा जीव अमानत नाही का? त्यांना आपण थांबवत नाही, उलट त्यांच्या पैशावर घरे उभी राहतात. मग आनंदासाठी एक दिवस धोका पत्करणाऱ्यालाच का अडवायचे? भाकरीसाठीचा धोका पवित्र आणि आनंदासाठीचा पोरकट, ही विभागणी मला सोयीची वाटते, खरी नाही. गरिबाच्या मुलाने फक्त पोटासाठीच धोका घ्यावा, मौजेसाठी घ्यायचा तो श्रीमंतांच्या मुलांनी, असाही तिचा एक अर्थ निघतो. माझ्या विद्यार्थ्याच्या बापाने आयुष्यात एकही गोष्ट नुसत्या आनंदासाठी केली नसेल. मुलाने करावी, यात मला काही गैर दिसत नाही.

फरक मला दुसरीकडे दिसतो. विहिरीत उतरणाऱ्याला दोर नीट मिळाला नाही तर दोष आपण मालकाला देतो, आणि द्यायलाच हवा. ट्रॅकवर जाणारा स्वतःच मालक आहे. नवे ब्रेक ऑईल, योग्य पॅड, जवळ बसून शिकवणारा माणूस, पहिल्या दिवशी अर्ध्या वेगाची शिस्त, हे सगळे त्याच्या हातात आहे. किंवा ट्रॅकवरच्या शाळेची, पिंजरा लावलेली गाडी चालवावी आणि आपली गाडी घरी ठेवावी. यातले काहीही न करता केवळ 'मर्जी माझी' म्हणून सुटणारा माणूस धाडसी आहे की आळशी, याचा मला संशय आहे.

आणि मर्जी कोणत्या वयात पक्की होते? कुमार गेले त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, त्याच ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यतीत बेंगळुरूचा एक मुलगा गेला. त्याचे वय तेरा होते. माझ्या आठवीच्या वर्गात बसणाऱ्या मुलांएवढे.

मी हे सगळे विद्यार्थ्याला फोनवर सांगितले, घोड्यांची हकीकत धरून. ती त्याला ठाऊक नव्हती. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "सर, ब्रेक ऑईलचं मला माहीत नव्हतं. विम्याचं पण." जाणार की नाही, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तो चोवीस वर्षांचा आहे.

त्या कागदाबद्दल मी त्याच्या वडिलांनाही समजावून सांगितले. त्यांनी तो मोबाईलवर बघितला, बोटांनी मोठा करून. वाचता येत नव्हते, इंग्रजीत होता. खालची रेघ दाखवून त्यांनी विचारले, "ये सही उसकी?" मी हो म्हणालो. "और मेरी जगा किदर है?"