यंत्र खाली उतरले, माणूस वर आला का?

यंत्रमानव माणसाचे काम हिरावून घेईल, ही भीती आज सगळीकडे ऐकू येते. पण काही कामे माणसाकडून काढून घेणे हाच धर्म आहे. भुयारी गटारात उतरणे हे त्यांपैकी एक.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यास बंदी घातली. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरवली. २०२३ मध्ये ती ३० लाख करावी लागली. मृत्यू थांबले असते, तर ही वेळ आली नसती.

२०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे ‘बँडिकूट’ नावाचा यंत्रमानव या कामासाठी उतरला. केरळच्या तरुण अभियंत्यांनी तो घडवला. कॅमेऱ्याने तो आतले दाखवतो आणि यांत्रिक हाताने गाळ वर काढतो. तो चालवायला सफाई कामगारांनाच शिकवले गेले. या प्रयोगाचे खरे मोल इथे आहे. यंत्र आणून कामगाराला घरी पाठवले असते, तर तो विषारी वायूपासून वाचला असता, पण उपासमारीच्या तोंडी गेला असता. त्याच्या हाती यंत्र आले, तेव्हा त्याचा जीवही राहिला आणि भाकरीही.

तरीही एक काम यंत्राला जमणार नाही. यंत्र चालवणाऱ्या त्या माणसाला आपण आजही लांबूनच पाणी देत असू, तर घाण गटारातून निघाली, आपल्या मनात मात्र तशीच राहिली. गाडगेबाबा गावात शिरताच हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडून काढत. ही दोन्ही कामे त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत.

सर्वांमध्ये एकच आत्मतत्त्व आहे, असे आपण नित्य म्हणतो. त्याची परीक्षा ध्यानाला बसल्यावर होत नाही. ती आपल्या सोसायटीच्या दारात होते. टाकी तुंबते, स्वस्तात काम करणारा कोणी बोलावला जातो, तो कमरेला दोरी बांधतो आणि आपण नाक दाबून आत निघून जातो.

त्या क्षणी पुढे होऊन म्हणू या, ‘भाऊ, उतरू नका. आम्ही यंत्र मागवतो.’ त्यासाठी चार पैसे जास्त पडले, तर ते आनंदाने देऊ या. मग त्यांना नावाने हाक मारू या आणि आपण पितो त्याच पेल्यातून पाणी देऊ या.