बूड नसलेलं कॅरेट

सप्टेंबर २०२३मधल्या एका पहाटे मी आमच्या न्हाणीच्या भिंतीवरून गांडुळं खरडून काढत होतो. हातात पत्र्याचा तुकडा, तोंडात ब्रश. ४०-५० तरी असतील. काही भिंतीवर, काही फरशीवर, दोन-तीन माझ्या चपलेत. सगळी गोळा केली, परत कॅरेटमध्ये टाकली, वरून ओलं गोणपाट झाकलं आणि ते उचकटू नये म्हणून चार कडांना चार दगड ठेवले. मग तोंड धुतलं.

त्या दगडांबद्दल मला लिहायचंय.

मी अंतरवाली सराटीचा. तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३च्या ऑगस्टपर्यंत हे असं पत्त्यासारखं सांगावं लागायचं, आता लागत नाही. गांडुळं मी त्याच्या आदल्या हिवाळ्यात आणली होती, वडीगोद्रीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून, एक किलो. म्हणजे हजाराच्या आसपास जीव, एका पिशवीत, मोटारसायकलच्या हँडलला अडकवून. जात आयसेनिया फेटिडा. लालसर, अंगावर पिवळट पट्टे. खतासाठी जगभर हीच वापरतात. आमच्याकडे मोसंबी होते, त्यामुळे जुन्या कॅरेटांना तोटा नाही. एका कॅरेटला आतून गोणपाट लावलं, खाली उसाचं पाचट, त्यावर अर्धवट कुजलेलं शेण, आणि न्हाणीच्या आडोशाला सावलीत ठेवून दिलं.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना वाटतं, गांडूळ म्हणजे कचरा गिळणारं मशीन. वरून साल टाका, खालून खत काढा. तसं नाही. गांडुळाला फुप्फुस नसतं, ते कातडीनं श्वास घेतं, आणि कातडी ओली असेल तरच. म्हणून ओल मोजावी लागते. मूठभर खत हातात दाबलं की एखाद-दुसरा थेंब पडावा. धार लागली तर जास्त, थेंबच नाही तर कमी. तापमान २५च्या आसपास त्यांना बरं वाटतं, ३५च्या वर मरायला लागतात. मीठ चालत नाही, तेल-तिखट चालत नाही. आणि मोसंबी-लिंबाची साल नको. हे मला फार गमतीचं वाटायचं. मोसंबीच्या जिल्ह्यात, मोसंबीच्या कॅरेटमध्ये राहणारे जीव, आणि त्यांना मोसंबीच सोसत नाही!

पहिले सात-आठ महिने मी हे सगळं इमानानं पाळलं. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा गोणपाट ओलं केलं. खत चहाच्या भुकटीसारखं निघालं. वास पहिल्या पावसाच्या मातीचा. मी फोटो स्टेटसला ठेवले.

मग २९ ऑगस्टला मनोज जरांगे पाटील आमच्या गावात मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव गावासारखं राहिलं नाही. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी फक्त आमच्या परसदारापुरतं सांगतो. घरात रोज पाहुणे, ओळखीचे कमी, अनोळखी जास्त. माय आणि काकू पहाटेपासून चुलीपुढं. भात उरायचा, खिचडी उरायची, वरण उरायचं. केळीच्या सालींची घमेली भरायची. मोसंबीच्या सालींचीही.

अन्न फेकायचं नाही, हे आमच्या घरात देवासारखं मानतात. १९७२च्या दुष्काळात आजी नव्यानं नांदायला आलेली होती. ती ताटात शीतही ठेवू देत नाही. मी विचार केला, आपल्याकडे तर खाणारे हजार जण आहेत. सगळं कॅरेटमध्ये लोटलं. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. मनाला फार बरं वाटत होतं, हे कबूल करतो. एवढ्या गर्दीत, एवढ्या धामधुमीत मी एक दाणा वाया जाऊ देत नाही, असं मी दोघा-तिघांना बोलूनही दाखवलं.

आत काय चाललं होतं? भाताचा गोळा होऊन हवा बंद झाली होती. हवा बंद झाली की आंबणं सुरू होतं, आंबायला लागलं की ऊब वाढते. खिचडीतलं मीठ आणि तेल त्या ओल्या कातडीला लागत होतं. मोसंबीच्या सालीतलं तेल वेगळंच. तेव्हा गांडुळांनी जे एकच करता येतं ते केलं. रात्री अंधार पडल्यावर वर आली, गोणपाटाबाहेर पडली, भिंत चढली.

आणि मी दगड ठेवले.

चौथ्या दिवशी गोणपाट उचललं तेव्हा वाफ आली. हात घातला तर कोमट. मेलेलं गांडूळ फार वेळ मेलेलं दिसतही नाही, ते विरघळतं. प्रेतं नव्हतीच. फक्त काळपट, चिकट, आंबूस घाण. आजी मागं उभी होती.

“कोंडलं व्हतंस का रं त्यांला?”

“भाइर यायलते आजी. उन्हात मेले असते.”

“आन् आत?”

एवढंच बोलून ती गेली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

आता कुणी म्हणेल, गांडुळंच ना? मीही आठवडाभर स्वतःला तेच म्हणत होतो. मग रात्री मोबाइलवर शोधत बसलो की गांडुळाला दुखतं का. नॉर्वेत २००५ साली सरकारसाठी केलेल्या एका अहवालाचा निष्कर्ष होता की गळाला लावलेल्या गांडुळाला बहुधा वेदना होत नाहीत, वळवळणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. वाचून हायसं वाटलं. पण पुढं वाचलं तर गांडुळाच्या मज्जासंस्थेत आपल्या शरीरातल्या वेदनाशामक द्रव्यांसारखी द्रव्यं सापडलेली आहेत. दुखतच नसेल तर दुखणं कमी करणारं औषध शरीर कशाला बाळगेल? त्या द्रव्यांचं आणखी काही काम असू शकतं, हे खरं. पण माझी झोप गेली ती गेलीच.

कायद्याचं तर मला हसू आलं. आपल्याकडच्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात, १९६०च्या, ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. कोणताही! म्हणजे गांडूळ आलंच. मालकानं प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा दिला नाही तर तो गुन्हा. हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पेटीत कोंडलं तरी गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हजार जिवांचे दोन वडापाव.

डार्विननं आयुष्याच्या शेवटी, १८८१ साली, गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. घरात कुंड्यांमध्ये गांडुळं पाळली आणि त्यांना संगीत ऐकवलं. मुलगा बसून वाजवायचा, बायको पियानो. गांडुळं ढिम्म हलली नाहीत, त्यांना ऐकू येत नाही. पण कुंडी पियानोवर ठेवून स्वर वाजवला की लगेच बिळात शिरायची, कारण कंप कळतो. हे वाचून मला आमच्या गावातले त्या महिन्यातले भोंगे आठवले. घोषणा, भाषणं, गाड्यांची रीघ. कॅरेटमधल्यांना त्यातला शब्द कळला नसेल, पण हादरा कळला असणार. गावात एवढं मोठं काय चाललंय, हे त्यांच्या बुडाला जाणवत होतं. मला मात्र माझ्या परसदारात काय चाललंय ते जाणवलं नाही.

माझा खरा पेच दुखण्याचा नाहीच. तो मांडवात बसून सुचला. उपोषणाचं बळ कशात असतं? उपाशी माणसाच्या पोटात तर नक्कीच नाही. दिवसागणिक ते कमीच होत जातं. बळ असतं बघणाऱ्यात. कुणाला तरी त्या माणसाच्या जगण्या-मरण्याचं पडलेलं असतं, म्हणून त्याचं न खाणं सरकारपर्यंत पोचतं. ज्याच्या जगण्याचं कुणालाच पडलेलं नाही तो उपाशी राहिला तर ते उपोषण होत नाही, ती उपासमार होते. मग ज्याला उपोषणच करता येत नाही, त्याचं म्हणणं कसं ऐकायचं? बैल मान टाकतो, गाय लाथ मारते, दूध चोरते. गांडूळ भिंत चढतं. आणि ते ‘म्हणणं’ आहे हे मला माहीत होतं! माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं: गांडुळं बाहेर पडू लागली तर आत काहीतरी बिघडलंय. मी वाचलं होतं. तरीही घाईच्या दिवसांत मला ती भाषा नाही, अडचण वाटली. फरशी घाण करणारी अडचण.

उपोषण सुटलं ते १४ सप्टेंबरला, सतराव्या दिवशी. त्याच दिवशी पोळा होता. आदल्या संध्याकाळी चुलत्यानं बैलांचे खांदे हळद-लोणी लावून मळले होते. पोळ्याला बैलाला औत नाही, चाबूक नाही, पुरणपोळी त्याला आधी. माझ्या आजोबांच्या काळी आमच्याकडे सालगडी असायचा, पाडव्याला ठरायचा, पुढच्या पाडव्याला वाटलं तर सोडून जायचा. पटत नसताना वर्षभर कसं निभवायचं हा त्याचा प्रश्न, पण पाडवा तरी होता. मी माणसाची आणि किड्याची बरोबरी करत नाही. उलट मला असं दिसतं की, आमच्यासारख्या घरांनीही राबणाऱ्यासाठी एखादा दिवस, एखादं दार ठेवलं होतं. फार मोठं नव्हे. माझ्या कॅरेटला तेवढंही नव्हतं.

इथं सुभाष पाळेकर आठवतात. अमरावतीकडचे, नैसर्गिक शेतीवाले. त्यांचा या परदेशी जातीला कडवा विरोध. हे गांडूळच नव्हे असं ते म्हणतात, आणि आपल्या रानातल्या देशी गांडुळाचा कैवार घेतात. शास्त्रज्ञांना त्यांचं म्हणणं मान्य नाही, मलाही आयसेनियावर राग धरण्याचं कारण दिसत नाही. पण रानातल्या गांडुळाची एक गोष्ट खरी. मे महिन्यात आमची काळी जमीन हात घालता येईल इतकी फाटते, तेव्हा ते खोल जातं, ओल शोधतं, गाठ मारून पडून राहतं, पाऊस आला की वर येतं. त्याच्या खाली जमीन आहे. माझ्याकडच्यांच्या खाली प्लॅस्टिक होतं.

ती घाण मी कडुनिंबाखाली ओतली आणि विसरलो. तीनेक आठवड्यांनी आजीनं हाक मारली. सुकलेल्या थराखाली, शेणाच्या गोळ्यात, पांढरट दोऱ्यासारखी पिल्लं. गांडुळाची अंडी कोशात असतात, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, लिंबाच्या आकाराची. आई-बाप मेले तरी कोश तग धरतात. मी आनंदानं कॅरेट धुऊन आणलं. आजी म्हणाली, “बूड काढ त्याचं.”

करवतीनं बूड कापलं. आता कॅरेट कडुनिंबाखाली थेट मातीवर आहे. झाकण गोणपाटाचं, दगड नाहीत. खत आधीच्या निम्मंही निघत नाही. काही गांडुळं खाली जातात. त्यांचं पुढं काय होतं, त्याचाही विचार करतो, कारण ही जात शेणात-पाचोळ्यात जगणारी, कोरड्या मातीत ती फार टिकत नाही. म्हणजे मी दार उघडं ठेवलं ते मरणाकडे, असंही म्हणता येईल. आणि जी राहतात ती राजीखुशीनं राहतात की बाहेर खायला नाही म्हणून? ऊसतोडीला गेलेला माझा एक शाळासोबती दर दिवाळीनंतर उचल घेऊन जातो. जाताना म्हणतो, कुणी जबरदस्ती थोडीच केलीय. त्यालाही मी काही उत्तर देऊ शकत नाही.

एवढं मात्र झालंय की, रात्री झोपण्याआधी मोबाइलची बॅटरी लावून कॅरेटच्या कडा बघतो. कुणी चढत असेल तर आधी हात आत घालतो, ऊब बघतो, वास घेतो.

पुढच्या पोळ्याला बैलांना नैवेद्य दाखवून झाल्यावर आजी मागच्या दारी आली. हातात ताटली. मला वाटलं पुरणपोळीचा तुकडा असेल, मी नको म्हणणार होतो. ताटलीत भोपळ्याची साल होती, बारीक चिरलेली.

“मीठ लागलं नाही तिला,” ती म्हणाली.