एका ताटलीचा हट्ट

सास्तूरच्या एका शेतकऱ्याच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. ज्वारीच्या पोत्यांना उंदीर लागले, तेव्हा आजीनं मांजर आणली. तिचं नाव मनी. दोघांची लगेच गट्टी जमावी असं नातवाला वाटलं. त्यानं एकाच ताटलीत दूधभाकरी कुस्करली आणि दोघांना समोरासमोर बसवलं.

मोती शेपूट हलवत पुढं आला. मनीनंही शेपूट आपटलं. नातू खूश! तेवढ्यात मनीनं मोतीच्या नाकावर पंजा मारला आणि पळाली. मोती तिच्या मागं. ताटली पालथी.

"आज्जी, दोघंही शेपूट हलवत होते की!"

"अरे, कुत्रं शेपूट हलवतं ते बहुतेक खुशीत. मांजर आपटतं ते चिडून. त्यात पळणाऱ्याच्या मागं धावायची कुत्र्याला खोडच."

आजीनं मोतीची भाकरी ओसरीत ठेवली, मनीचं दूध आत उंच फळीवर. मनीच्या अंगाखालचं फडकं मोतीपाशी टाकलं, मोतीचं गोणपाट मनीपाशी. वास ओळखीचा झाल्यावर मोतीला साखळीनं बांधून मधलं दार उघडलं. मनीला चढून बसायला पोत्यांची थप्पी मोकळी होतीच. तिला पाहूनही मोती गप बसला की आजी त्याला भाकरीचा तुकडा द्यायची.

काही आठवड्यांनी मनी आपणहून खाली उतरली आणि मोतीजवळ अंग चाटत बसली. मोतीनं नुसता कान हलवला.

"तुला हे कुणी शिकवलं?" नातवानं विचारलं.

"भूकंपानं. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र. पहाटे जमीन हादरली, दगडामातीची माळवदाची घरं माणसांवर कोसळली. वाचलेले आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीनं राहिलो. ढिगाऱ्यातून एकमेकांना ओढून काढणारी माणसं, पण तिथं घागरभर पाण्यावरून भांडायची. पुढं नव्या गावठाणात ज्याला त्याला आपलं दार मिळालं, आणि तीच माणसं संध्याकाळी एकमेकांच्या ओसरीवर येऊन बसू लागली."

नातवानं त्या दिवशी दुसरी ताटली घासून ठेवली.

तात्पर्य : एका घरात राहणाऱ्यांना आधी आपापली जागा द्यावी. माया मागून येते. ती लादता येत नाही.