आंबे वेगळे, चोरी तीच

इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेतला इंडेक्स, म्हणजे शोधता येणाऱ्या नोंदींचा साठा, एका क्लस्टरवरून, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या एका गटावरून, दुसऱ्यावर न्यायचा, तर डेटाचं फोल्डर उचलून तिकडे टाकून भागत नाही. त्यासाठी सहसा स्नॅपशॉट, म्हणजे इंडेक्सची त्या क्षणाची प्रत, वापरतात. जुन्या क्लस्टरने तो रिपॉझिटरीत, म्हणजे सामायिक डिस्कवर किंवा क्लाउडमधल्या साठ्यात, लिहून ठेवलेला असतो. नव्या क्लस्टरला तीच रिपॉझिटरी दाखवायची, पण फक्त वाचण्यापुरती. दोन क्लस्टर एकाच रिपॉझिटरीत लिहू लागले तर ती बिघडू शकते. मग रिस्टोअरची, म्हणजे ती प्रत उतरवून घेण्याची, आज्ञा द्यायची. इंडेक्सची स्थिती आधी पिवळी दिसते. मुख्य शार्ड, म्हणजे इंडेक्सचे तुकडे, भरत जातात, आणि सगळे भरून त्यांच्या प्रतिकृतीही उभ्या राहिल्या की ती हिरवी होते. रात्री दोन वाजता हा हिरवा रंग बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

मजकूर तोच, मुख्य शार्डची संख्या तीच. नोड, म्हणजे क्लस्टरमधले सर्व्हर, वेगळे, त्यांची संख्या वेगळी, शहरसुद्धा वेगळं असू शकतं. आणि एका गोष्टीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही: नव्या क्लस्टरवर उभ्या राहिलेल्या इंडेक्सला नवा यूयूआयडी, म्हणजे नवा ओळखक्रमांक मिळतो. नाव जुनंच ठेवलं तरी यंत्रणेच्या लेखी तो दुसरा इंडेक्स असतो.

मग जे परत उभं राहिलं ते तेच, की त्याच्यासारखं दुसरं?

मराठी वाचकाला इथे गीतेचा दुसरा अध्याय आठवणार: जीर्ण वस्त्रं टाकून नवी नेसावीत तसा देही जुनं शरीर सोडून नव्यात जातो. पण तो दाखला इथे बसत नाही. देही गेला की जुनं शरीर रिकामं होतं. स्नॅपशॉट दुसरीकडे उतरवला तरी जुना क्लस्टर चालूच राहू शकतो. दोन्हीकडे तोच मजकूर, आणि पुढच्या मिनिटापासून दोघांत वेगवेगळी भर. डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ सालच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात हाच पेच माणसाबद्दल मांडला. मंगळावर माणसाची हुबेहूब प्रत तयार झाली, मूळ माणूस पृथ्वीवर जिवंतच आहे. आता खरा कोण? पारफिटच्या मते ‘तोच का’ हा प्रश्न वाटतो तितका मोलाचा नाही, महत्त्व आहे ते सातत्याला. आपलं मत बुद्धाच्या मताच्या जवळ जातं, हेही त्याने त्याच ग्रंथात नोंदवलं.

बौद्ध परंपरेत हा विचार फार आधीचा. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला खोदून खोदून विचारतो. तेव्हाच्या औरंगाबादमधल्या महाविद्यालयाला बाबासाहेब आंबेडकरांनी ज्याचं नाव दिलं, तोच हा मिलिंद. इथून तिथे काही गेल्याशिवाय पुनर्जन्म होईलच कसा, हा त्याचा सवाल. नागसेन त्याला लहानपणी गुरूकडून शिकलेल्या श्लोकाची आठवण देतो. श्लोक शिष्याला आला, पण गुरूला सोडून आला का? स्नॅपशॉटला याहून नेमका दाखला मिळणं कठीण.

शंकराचार्यांना हे मान्य नव्हतं. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात ते क्षणिकवादाला, म्हणजे सगळं क्षणोक्षणी बदलतं या बौद्ध मताला, अडवतात: काल पाहणारा आणि आज ते आठवणारा एकच नसेल, तर स्मरण होईलच कसं? माणसाच्या बाबतीत हा आक्षेप आजही भक्कम आहे. पण इंडेक्सच्या आत आठवणारा कोणी नसतो. तिथे नागसेनाचंच म्हणणं पटतं.

ते पटलं म्हणून सुटका होत नाही, उलट खरी अडचण तिथूनच सुरू होते. समजा, नोकरी शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळाने सोमवारी स्नॅपशॉट घेतला. मंगळवारी एका बाईंनी आपली माहिती, पत्त्यासह, काढून टाकायला सांगितली आणि ती काढली गेली. शुक्रवारी जुना क्लस्टर कोसळला, सोमवारचा स्नॅपशॉट नव्यावर उतरला. शनिवारी त्या बाईंचं नाव शोधलं की पत्ता पुन्हा समोर! स्नॅपशॉटमधून एकच नोंद वेगळी काढता येत नाही. काढायचा तर अख्खा स्नॅपशॉट. इलॅस्टिकसर्चच्या खाली काम करणाऱ्या ल्यूसीन या शोध-लायब्ररीचे सेगमेंट, म्हणजे नोंदी साठवणारे भाग, एकदा लिहिले की बदलत नाहीत. नोंद खोडली की आधी नुसती खूण पडते, आणि मंगळवारची खूण सोमवारच्या प्रतीत असणार कुठून?

‘हा क्लस्टर नवा, इंडेक्स नवा, त्या बाईंना शब्द दिला होता तो जुन्याने’ असं कोणी म्हणेल का? नागसेनाने असा माणूस राजापुढे उभा केला आहे. आंबे चोरताना पकडलेला चोर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे, मग माझा गुन्हा काय? तरीही तो दोषीच, असं मिलिंद सांगतो. कारण नंतरचे आंबे आधीच्यातूनच आले. वस्तू तीच राहिली नाही तरी देणं पुढे चालत येतं. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि युरोपचा जीडीपीआर, दोन्ही माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क देतात, काही अपवाद ठेवून. तो हक्क माणसाचा आहे, क्लस्टरच्या क्रमांकाशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून हे काम करणाऱ्यांना कळकळीची विनंती. पुसायला सांगितलेल्या नोंदींची यादी, केवळ क्रमांकांची, त्या इंडेक्सच्या बाहेर वेगळी ठेवा. आत ठेवलीत तर रिस्टोअरसोबत तीही सोमवारवर जाईल. इंडेक्स नाव बदलून उतरवा. जुने अलायस, म्हणजे इंडेक्सची पर्यायी नावं, आपोआप परत येतात, ते तेवढ्यापुरते वगळा. हिरवा रंग दिसला तरी थांबा, यादीतली प्रत्येक नोंद पुन्हा पुसा, आणि मगच लोकांचा शोध नव्या क्लस्टरकडे वळवा.