कोठाराची भिंत

पापनाशम्‌च्या पालैवननाथर मंदिराच्या आवारात विटांचे एक भव्य धान्यकोठार आहे. तंजावरच्या नायकांनी 1600 ते 1634 च्या दरम्यान ते बांधले. पुढे मराठ्यांच्या एकोजीराजांनी तंजावर घेतले तेव्हा ते उभे होतेच. उंची 36 फूट, साठा 3,000 कलम (धान्याचे एक जुने माप) भाताचा. कावेरीच्या मुलखात भाताला तोटा नाही, चिंता असते ती टिकवण्याची. म्हणून अशा कोठाराचा कस त्याच्या भिंतीत पाहावा.

विजेच्या साठवणीचेही असेच आहे. कपॅसिटरमध्ये धातूच्या दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकची फिल्म असते, बहुधा पॉलिप्रोपिलीनची, जेमतेम दोन-तीन मायक्रॉन जाडीची. तिचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे वीज साठवण्याची कुवत सांगणारा आकडा, अवघा 2.2, पण चांगली फिल्म मायक्रॉनमागे सुमारे 700 व्होल्टचा ताण सोसते. बेरियम टायटनेट या सिरॅमिकचा स्थिरांक हजाराच्या पुढे जातो, मात्र ते ठिसूळ आणि ताणाला कच्चे. तेव्हा त्याची भुकटी प्लास्टिकमध्ये मिसळून दोघांचे गुण एकत्र आणावेत, असे कुणालाही वाटेल.

इथे गणित आडवे येते. साठणारी ऊर्जा स्थिरांकाच्या प्रमाणात वाढते, ताणाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. भुकटीने स्थिरांक दुप्पट केला आणि सोसण्याची ताकद निम्म्यावर आणली, तर पदरात मूळच्या निम्मीच ऊर्जा पडते. आणि ताकद बहुतेकदा घटतेच. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, गुठळ्यांच्या पोटात हवेच्या पोकळ्या राहतात. शिवाय मोठ्या स्थिरांकाच्या कणांमध्ये विद्युतक्षेत्र क्षीण होते आणि दोन कणांमधल्या प्लास्टिकच्या चिंचोळ्या फटीत दाटते. फिल्म तिथेच फुटते. मिश्रणाचे काही गुण सगळ्या घटकांच्या गोळाबेरजेने ठरतात, काही एकट्या सर्वांत दुबळ्या जागेने. हा भेद मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो.

म्हणूनच 2015 मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात छिंग वांग यांच्या गटाने केलेले काम मला फार मोलाचे वाटते. त्यांनी पॉलिमरमध्ये बोरॉन नायट्राइडचे अतिसूक्ष्म पापुद्रे मिसळले. या सिरॅमिकचा स्थिरांक चारच्या आसपास, म्हणजे साठा वाढवण्याच्या दृष्टीने नगण्यच. त्याचे काम फिल्ममधून होणारी विजेची गळती अडवण्याचे. ती फिल्म 250 अंश सेल्सियसलाही काम देत राहिली. पॉलिप्रोपिलीन 105 अंशांच्या पुढे तग धरत नाही, त्यामुळे विजेवर धावणाऱ्या गाड्यांत त्याच्या कपॅसिटरला थंड ठेवण्याची तजवीज करावी लागते. बोरॉन नायट्राइड उष्णताही झपाट्याने वाहून नेते. फिल्मच्या आत ताप साचू देत नाही.